मागचं भाताचं शेत आपल्या मडमध्ये घ्यायचं का? (ह्यूस्टन पश्चिम)

कडेचं_घर

मंडळी, धागा लांबणार आहे. पण ह्यूस्टनच्या पश्चिमेला, केटी-सायप्रसच्या बाजूला ज्यांचं घर आहे त्यांनी वाचाच.

आमच्या कुंपणामागे भाताचं जुनं शेत आहे. बारा वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिथले बगळे बघतेय. गेल्या महिन्यात शेतात गुलाबी फिती बांधलेल्या लाकडी खुंट्या दिसल्या. परवा मडच्या (आमच्या भागाचं पाणी-सांडपाणी बघणाऱ्या संस्थेच्या) साइटवर बोर्डाच्या मीटिंगचा अजेंडा उघडला, तर खाली एक ओळ होती: शेजारच्या जमीनमालकाची ॲनेक्सेशनची (जमीन मडमध्ये सामील करून घेण्याची) पिटिशन विचारात घेणे. म्हणजे तिथे घरं येणार, आणि त्यांचं पाणी, सांडपाणी, पावसाचा निचरा आमच्या म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे मडच्या, गळ्यात येणार.

अनेकांना मड म्हणजे प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावरची एक ओळ एवढंच माहीत असतं. घर घेताना मलाही तेवढंच माहीत होतं. क्लोजिंगच्या गठ्ठ्यात 'नोटिस टू परचेसर' नावाचा कागद होता, त्यावर टॅक्सचा दर आणि बाँडचे आकडे होते. बाकीच्या कागदांसारखी त्यावरही सही केली. आता वाचल्यावर कळतंय की हे शहरापासून वेगळं असलेलं छोटं सरकारच आहे. 1917 साली टेक्सासच्या घटनेत जी दुरुस्ती झाली (कलम 16, उपकलम 59) तिच्यातून अशी डिस्ट्रिक्ट्स निघाली. कारभार वॉटर कोडच्या (टेक्सासच्या पाण्याच्या कायद्याच्या) 49 आणि 54 या प्रकरणांनुसार चालतो आणि वर देखरेख टीसीईक्यूची (राज्याच्या पर्यावरण खात्याची). पाच संचालकांचं बोर्ड असतं. पाइप, पंप, तळी आधी डेव्हलपर स्वतःच्या पैशाने बांधतो. घरं उभी राहिली की डिस्ट्रिक्ट बाँड विकून त्याचे पैसे परत करतं आणि ते बाँड आपण टॅक्समधून फेडत राहतो.

शेजाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सरळ दोन तट पडलेत. एक बाजू म्हणते, नवीन घरं आली की टॅक्स वाटला जाईल, घेऊन टाका. दुसरी म्हणते, काही झालं तरी नको. मला दोन्ही पटत नाही. शेत तसंच राहावं असं मनातून खूप वाटतं, पण जमीन माझी नाही, आणि माझं घरही कधीतरी कुणाच्या तरी शेतावरच उभं राहिलं. बोर्डासमोर काय विचारायचं तेवढं मला नीट कळायला हवंय. अनुभव असेल त्यांनी कृपया लिहा.

---

जुनाकेटीकर

ताई, माझं मत आधीच सांगतो: विरोध करा.

2017 च्या हार्वी वादळात आमच्या घरात पाणी होतं. आम्ही बार्कर धरणाच्या वरच्या अंगाला राहतो. अ‍ॅडिक्स आणि बार्कर ही दोन्ही धरणं 1940 च्या दशकात ह्यूस्टन शहर वाचवायला बांधली. तेव्हा मागे गवताळ माळ आणि भातशेती होती, पाणी फुगलं तरी शेतात पसरायचं. नंतर त्याच फुगवट्याच्या जागेत घरं झाली, त्यातलं एक आमचं. नदी नाही, नाला फुटला नाही, तरी गराजच्या दाराखालून पाणी आत आलं आणि कितीतरी दिवस हललं नाही. ओल्या शीटरॉकचा वास अजून नाकातून गेलेला नाही.

भाताचं शेत म्हणजे बांध घातलेलं तळंच असतं. पाऊस धरून ठेवतं, सावकाश सोडतं. त्यावर छपरं आणि काँक्रीट आलं की तेच पाणी तासाभरात तुमच्या कुंपणाशी. डिटेन्शन पाँड (पावसाचं पाणी अडवणारं तळं) करू म्हणतील. पाँड कुठल्या पावसाच्या हिशोबाने बांधणार, ते लेखी घ्या.

---

पाइपलाइन

गेली बरीच वर्षं मी पाणी आणि सांडपाण्याच्या डिझाइनमध्येच आहे (तुमच्या डिस्ट्रिक्टशी माझा संबंध नाही). त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

काका, तुमचा पावसाचा मुद्दा अगदी बरोबर आहे. 2018 मध्ये नोआने (अमेरिकेच्या सरकारी हवामान संस्थेने) 'ॲटलास 14' हा पावसाचा नवा अभ्यास काढला. शंभर वर्षांतून एकदा म्हणतात तसा 24 तासांचा पाऊस ह्यूस्टन भागात आधी साधारण 13 इंच धरायचे, तो 18 इंचांपर्यंत गेला. ड्रेनेज रिपोर्ट जुन्या आकड्यावर आहे की नव्या, हा पहिला प्रश्न विचारा. पाँडचं पाणी शेवटी कुठल्या नाल्यात जातं आणि त्या नाल्यात आज तुमच्या वसाहतीचंही जातं का, हा दुसरा.

मात्र सरसकट विरोधाच्या बाजूने मी नाही. तुम्ही नाही म्हटलंत म्हणून ती जमीन शेत राहील असं धरू नका. मालक नवीन मड काढू शकतो, नाहीतर दुसऱ्या शेजाऱ्याकडे जाईल. मग घरं येतील, पाणी त्याच नाल्यात येईल, आणि अटी घालायची संधी तुमच्या हातातून गेलेली असेल.

धागाकर्तीने विचारलंय, बोर्डासमोर काय विचारायचं. त्याचं उत्तर कायद्यातच आहे. वॉटर कोडच्या 49.301 मध्ये जमीनमालकाच्या पिटिशनवर जमीन घेण्याची तरतूद आहे. बोर्ड 'घेऊ शकतं', घेतलंच पाहिजे असं नाही. त्याला दोन अटी आहेत. एक, ते डिस्ट्रिक्टच्या फायद्याचं असावं. दोन, डिस्ट्रिक्टची यंत्रणा नव्या जमिनीला पुरेशी असावी किंवा पुरेशी होणार असावी, आधीपासून आत असलेल्या जमिनीला इजा न होता. हे शेवटचे शब्द मीटिंगला कागदावर लिहून न्या. सगळी चर्चा त्यांच्याभोवती फिरायला हवी, पण मी बसलोय त्या बहुतेक मीटिंगांत ते कुणी उच्चारतही नाही.

आता 'पुरेशी' म्हणजे काय, ते मोजता येतं. सांडपाण्यापासून सुरू करतो, कारण घोडं बहुतेक वेळा तिथेच अडतं.

प्रत्येक ट्रीटमेंट प्लँटच्या परमिटमध्ये रोजच्या सरासरी प्रवाहाचा आकडा असतो. सलग तीन महिने प्रवाह त्याच्या 75 टक्क्यांवर गेला की डिस्ट्रिक्टला विस्ताराचं इंजिनिअरिंग आणि पैशाचं नियोजन सुरू करावं लागतं. सलग तीन महिने 90 टक्क्यांवर गेला की बांधकामाला लागण्याची परवानगी मिळवावी लागते. समजा, तुमच्या प्लँटचं परमिट रोज 4 लाख गॅलनचं आहे आणि आज 2 लाख 80 हजार येतात. म्हणजे 70 टक्के, छान वाटतं. आता नवीन 600 घरं धरा, घरामागे 200 गॅलन. पहिल्या 100 घरांतच 75 टक्के होतात. 400 घरांवर 90 टक्के. सगळी 600 भरली की प्लँट काठोकाठ. विस्तार मात्र एका मोसमात होत नाही: परमिटची दुरुस्ती, टीसीईक्यूची जाहीर नोटिस, डिझाइन, टेंडर, काँक्रीट. घरं त्याच्या पुढे धावतात.

त्यात पावसाळी दिवसांचा वेगळाच हिशोब. मॅनहोलच्या झाकणातून, जुन्या जोडांमधून पावसाचं पाणी सांडपाण्याच्या नळात शिरतं. कोरड्या महिन्याचा आकडा दाखवून कुणी 'बरीच जागा शिल्लक आहे' म्हणालं, तर सगळ्यात ओल्या महिन्याचा आकडाही मागा.

पाण्याचं गणित सोपं आहे. विहिरीवर चालणाऱ्या मोठ्या सिस्टिमसाठी टीसीईक्यूच्या नियमांत दर कनेक्शनमागे मिनिटाला 0.6 गॅलन विहीर-क्षमता आणि 200 गॅलन साठवण लागते. म्हणजे 600 घरांना मिनिटाला 360 गॅलन आणि 1 लाख 20 हजार गॅलनची टाकी. आज तुमच्याकडे एवढं जास्तीचं आहे का? नसेल तर कोण बांधणार, कधी, कोणाच्या पैशाने? नळात नेहमीचा दाब 35 पीएसआयच्या (दर चौरस इंचावर पौंड, हे दाबाचं माप) खाली जाऊ नये आणि आग लागलेली असतानाही 20 च्या खाली जाऊ नये, असा नियम आहे. नवीन भाग तुमच्याच लाइनच्या टोकाला जोडणार असतील तर हायड्रॉलिक मॉडेल बघायला मागा. टोकाच्या घरांनाच आधी फरक जाणवतो.

---

कडेचं_घर

पाइपलाइन, मनापासून आभार. 'आधीपासून आत असलेल्या जमिनीला इजा न होता' हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं.

वरचं वाचून काल संध्याकाळी आमच्या लिफ्ट स्टेशनपाशी (इथले पंप सांडपाणी वर उचलून पुढे ढकलतात) जाऊन उभी राहिले. बारा वर्षं रोज तिथून चालत जाते, कधी थांबले नव्हते. जाळीच्या कुंपणाआड एक हिरवी पेटी, दोन झाकणं आणि वर एक लाल दिवा. दुपारी पाऊस झाला होता. आधी एका पंपाची घरघर येत होती, पाचेक मिनिटांत दुसराही सुरू झाला आणि मी निघेपर्यंत दोन्ही चालू होते. पाइपलाइन, दोन्ही एकदम चालणं वाईट असतं का?

आणि 2021 च्या फेब्रुवारीतल्या थंडीत आमच्याकडे दोन दिवस नळाला थेंब नव्हता, आला तेव्हा उकळून प्या म्हणून सूचना. बर्फ वितळवून टॉयलेटमध्ये ओतलं होतं. तेव्हा तक्रार करायची तर कुणाकडे, हेही माहीत नव्हतं.

---

पाइपलाइन

एक पंप बंद असला तरी दुसऱ्याने काम निभवावं, या हिशोबाने लिफ्ट स्टेशन बांधतात. साध्या पावसात दोन्ही बराच वेळ चालत असतील तर नळात पावसाचं पाणी शिरतंय किंवा क्षमता संपत आलीय. एका संध्याकाळवरून मी निष्कर्ष काढणार नाही. पंप किती तास चालले याची नोंद ऑपरेटरकडे असते, ती मागा. नवीन भागाचं सांडपाणी याच स्टेशनवर येणार असेल तर हा प्रश्न सगळ्यात वर ठेवा.

त्या थंडीसारख्या वेळेसाठी आता नियम आहे. वीज 24 तासांहून जास्त गेली तरी नळात दाब कसा ठेवणार, याचा आराखडा पाणी पुरवणाऱ्यांना द्यावा लागतो. तुमच्या डिस्ट्रिक्टच्या आराखड्यात ही 600 घरं धरलेली नसणार. जनरेटर वाढवायचा खर्च कोणाचा, तेही विचारून घ्या.

---

हिशोबी

'नवीन घरं आली की टॅक्स वाटला जाईल'

हे वाक्य प्रत्येक मडमध्ये ऐकू येतं. अर्धंच खरं आहे. गणित मांडतो, आकडे समजायला सोपे घेतलेत.

आज 1,000 घरं, कर्ज 40 मिलियन डॉलर. घरामागे 40,000. 600 नवीन घरं आली, ती जुन्या कर्जाचा वाटाही उचलणार, म्हणून घरामागे 25,000 झाले. इथपर्यंत सगळे टाळ्या वाजवतात. पण त्या 600 घरांचे रस्त्याखालचे नळ, पाँड, प्लँटचा विस्तार हे डेव्हलपरने केलं, त्याला परतफेड द्यायची आहे. त्यासाठी नवीन 24 मिलियनचे बाँड निघाले, तर एकूण 64 मिलियन भागिले 1,600. पुन्हा घरामागे 40,000! तुम्हाला एका पैशाचा फायदा नाही. 24 ऐवजी 30 लागले तर तोटा. म्हणून प्रश्न असा विचारायचा: नव्या जमिनीवर दर घरामागे नवीन कर्ज किती, आणि ते आमच्या आजच्या घरामागच्या कर्जापेक्षा कमी आहे की जास्त? (घरं साधारण सारख्या किमतीची धरलीत. नवीन घरं महाग असतील तर वाटा त्यांच्याकडे जास्त जातो आणि चित्र सुधारतं.)

वेळेचाही भाग आहे. प्लँटचा विस्तार घरं येण्याआधी लागतो, टॅक्स घरं आल्यावर मिळतो. मधल्या काळात बाजार बसला आणि 600 पैकी 150 च घरं झाली, तर तो विस्तार जुन्यांच्या डोक्यावर. 1980 च्या दशकात तेलाचे भाव पडले तेव्हा ह्यूस्टनच्या कडेच्या कितीतरी मड अशाच अडकल्या होत्या आणि काही तर कर्जफेडही चुकल्या. आताचे टीसीईक्यूचे नियम त्यातून शिकून कडक झाले. त्यामुळे विस्ताराचा पैसा डेव्हलपरने आधी घालावा आणि परतफेड घरं उभी राहिल्यावरच मिळावी, हे करारात हवंच हवं.

बाँडला मतदारांची मंजुरी लागते, पण ती बहुधा फार पूर्वी, वसाहतीत दहा माणसंसुद्धा नसताना घेतलेली असते. तुमच्या डिस्ट्रिक्टची किती रक्कम मंजूर आहे आणि त्यातली किती अजून वापरलेली नाही, ते शोधा. तेवढ्यात भागलं तर तुम्हाला पुन्हा कुणी विचारणार नाही.

---

ऑस्टिनवाला

हिशोबींना अनुमोदन. एक पर्याय सुचवतो. मोठ्या डिस्ट्रिक्टसाठी प्रकरण 54 मध्ये 'डिफाइन्ड एरिया'ची सोय आहे. ठरावीक भागाच्या सुविधांचा जादा टॅक्स त्याच भागाने भरायचा. प्रत्येक डिस्ट्रिक्टला लागू होत नाही, वकिलाला विचारायला सांगा. दुसरा मार्ग म्हणजे जमीन आत न घेता बाहेरचं गिऱ्हाईक म्हणून कराराने पाणी विकणं. पण मग त्या घरांकडून टॅक्स मिळत नाही, फक्त बिल मिळतं, हेही लक्षात घ्या.

---

नवीन_पाहुणी

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. आम्ही अशाच एका मागाहून जोडलेल्या सेक्शनमध्ये घर घेतलंय. एच-वनवर आहोत, मुलगी पहिलीत. जुन्या भागातले लोक फेसबुकवर आमच्याबद्दल 'ते लोक' असं लिहितात. आमच्यामुळे दाब कमी झाला, आमच्यामुळे प्लँटचा वास येतो. आम्हीही त्यांच्याइतकाच दर भरतो, उलट जुनं कर्जही फेडतो. क्षमता नव्हती तर आम्हाला जोडायला नको होतं. घर विकणाऱ्यांच्या ऑफिसात एका शब्दाने कुणी हे सांगितलं नाही.

तेव्हा कृपया प्रश्न आत्ता विचारा. नंतर येणाऱ्यांना त्याचा राग सोसावा लागतो.

एक शंका: आम्ही नागरिक नाही, मत देता येत नाही. मीटिंगला जाऊन बोलता येतं का?

---

कडेचं_घर

नवीन_पाहुणी, वाचून पोटात तुटलं. आमच्या ग्रुपवरही 'ते लोक' सुरू झालंय, अजून खुंट्याच आहेत तरी. तुझी पोस्ट (तुझी परवानगी असेल तर) तिथे दाखवेन.

हो, बोलता येतं. टेक्सासच्या ओपन मीटिंग्ज कायद्यात 2019 मध्ये दुरुस्ती झाली. अजेंड्यावरच्या विषयावर विचार होण्याआधी किंवा होताना लोकांना बोलू द्यावंच लागतं. नागरिकत्व कुणी विचारत नाही. कागदपत्रंही पब्लिक इन्फर्मेशन कायद्याखाली कुणीही मागू शकतं. मी परवाच ईमेलने अर्ज टाकला: प्लँटचे गेल्या दोन वर्षांचे महिनावार प्रवाह, लिफ्ट स्टेशनच्या पंपांचे तास, इंजिनिअरचा क्षमतेबद्दलचा अहवाल आणि डेव्हलपरशी झालेल्या कराराचा मसुदा.

अडचण वेगळीच आहे. आमच्या बोर्डाची मीटिंग डिस्ट्रिक्टमध्ये होतच नाही. ती शहरात, वकिलांच्या ऑफिसात, कामाच्या दिवशी दुपारी असते. गेल्या खेपेला मी अर्धी रजा टाकून गेले. पार्किंग शोधून वर पोचेपर्यंत निम्मा अजेंडा उरकला होता. आत मी एकटीच रहिवासी. माणसं वाईट नव्हती, एकाने खुर्चीही आणून दिली. पण मी हात वर केला तेव्हा सगळे असे वळले, जणू नळालाच वाचा फुटली.

---

जुनाकेटीकर

त्याला उपाय आहे. हार्वीनंतर आम्ही केला. वॉटर कोडच्या 49.062 मध्ये आहे: डिस्ट्रिक्टमध्ये किमान 50 मतदार राहत असतील आणि त्यातल्या पाच जणांनी लेखी मागणी केली, तर बोर्डाला विचार करावा लागतो. बाहेरच्या जागेमुळे लोकांना येणं जमत नाही असं ठरलं की मीटिंग डिस्ट्रिक्टमध्ये घ्यावी लागते. बोर्डाने केलं नाही तर तेच पाच जण टीसीईक्यूकडे जाऊ शकतात. पाच सह्या लागतात फक्त. मतदार मात्र हवेत, ग्रीन कार्डवाले चालत नाहीत.

आणि पाइपलाइन यांचं म्हणणं रात्री पुन्हा वाचलं. सरसकट विरोधाचं मी मागे घेतो. शेत राहणार नसेल तर पाँड तरी 18 इंचांचा होऊ दे.

---

पाइपलाइन

काका, 🙏

एक राहिलं होतं: जमिनीखालचं पाणी. या भागात विहिरींनी इतकं पाणी उपसलं की जमीन खाली बसली. मातीचे थर एकदा दाबले गेले की पुन्हा फुगत नाहीत. बेटाउनची ब्राउनवुड वसाहत खचत खचत शेवटी 1983 च्या अलिशिया वादळानंतर सोडून द्यावी लागली. म्हणून 1975 मध्ये हॅरिस-गॅल्व्हस्टन सबसिडन्स डिस्ट्रिक्ट आणि 1989 मध्ये शेजारच्या फोर्ट बेंड काउंटीचं निघालं, आणि उपशावर टप्प्याटप्प्याने बंधनं आली. बिलावर दर हजार गॅलनमागे वॉटर ऑथॉरिटीची जी फी दिसते ती नदी-तलावाचं पाणी इकडे आणण्यासाठी. तेव्हा 600 घरांना पाणी देण्यासाठी 'आणखी एक विहीर खणू' एवढ्यावर समाधान मानू नका. ऑथॉरिटीकडून तलावाचं पाणी किती मिळणार, त्याचं लेखी पत्र आहे का, ते बघा.

जमीन ह्यूस्टनच्या हद्दीबाहेर, पण शहराचा काही अधिकार चालतो अशा पट्ट्यात असेल तर शहराची लेखी संमतीही लागते. ती आली आहे का, हेही अजेंड्याच्या कागदांत दिसायला हवं.

---

कडेचं_घर

अपडेट.

काल मीटिंग झाली. मी तीन मिनिटं बोलले. आधी 49.301 चं ते वाक्य वाचलं आणि मग चार प्रश्न: प्लँट किती टक्क्यांवर आहे, लिफ्ट स्टेशन कोणतं, पाँड कुठल्या पावसाचा, घरामागे नवीन कर्ज किती. इंजिनिअरने प्लँटचा आकडा तिथल्या तिथे सांगितला: 71 टक्के, गेल्या बारा महिन्यांची सरासरी. ओल्या महिन्याचा विचारला तर बघून सांगतो म्हणाले. कर्जाच्या प्रश्नावर खोलीत थोडा वेळ शांतता होती, मग आर्थिक सल्लागार म्हणाले की दोन्ही बाजूंचा तक्ता पुढच्या वेळी आणतो. पिटिशनवर मत झालं नाही, पुढे ढकललं. एक संचालक बाहेर कॉरिडॉरमध्ये भेटले. ते स्वतः आमच्याच वसाहतीत, दोन गल्ल्या पलीकडे राहतात, आणि बारा वर्षांत आम्ही एकमेकांना पाहिलेलंही नव्हतं. म्हणाले, लिफ्ट स्टेशनचा प्रश्न लेखी पाठवा, मी तो मीटिंगच्या कागदांत घालतो. रात्रीच पाठवला.

पब्लिक इन्फर्मेशनचे कागद अजून यायचेत. आले की महिनावार प्रवाह इथे टाकते. पाइपलाइन, तुम्ही नजर टाकाल ना?

जागेच्या मागणीवर चार सह्या झाल्यात. पाचवी समोरच्या आजींची. त्यांच्याकडे उद्या सकाळी जाणार आहे, त्या मतदार कार्ड आणि चष्मा काढून ठेवते म्हणाल्यात.